मीठ, ग्रंथी आणि आपले कर्तव्य

धान्याच्या व्यापारात मिठाला फारसा मान नाही. तांदूळ, तूरडाळ, गूळ यांच्या भावांची चर्चा पेढीवर दिवसभर चालते. मिठाचे पोते मात्र दाराशेजारी उभे असते व त्यातील नफा कोणी मोजीत नाही. तथापि शरीरातील ग्रंथींचे काही विरळ रोग असे आहेत की, त्यांची कारणे, लक्षणे अथवा उपचार यांत मिठाचा निकटचा संबंध येतो. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला घाऊक धान्यव्यापारी आहे. जाणत्या डॉक्टरांना विचारून व स्वतः वाचून जे समजले, ते व्यापारी बांधवांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्या शरीरात काही ग्रंथी अशा आहेत की, त्या आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता थेट रक्तात मिसळतात. या रसांना संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. त्यांचे वजन अत्यल्प, परंतु अधिकार मोठा. गळ्यातील अवटु म्हणजे थायरॉईड ग्रंथी शरीराची वाढ व उष्णता सांभाळते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी रक्तदाब, साखर व मीठ यांचा तोल राखतात. पेढीचा मुनीम आजारी पडला की माल गोदामात असूनही व्यवहार अडतो, तशीच अवस्था या ग्रंथी बिघडल्या म्हणजे शरीराची होते.

आयोडीनचा हिशेब

थायरॉईड ग्रंथीला आपला रस तयार करण्यासाठी आयोडीन लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. गर्भवतीस सुमारे २५० लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज केली तरी ती चार ग्रॅमांच्या आत, म्हणजे तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच भरते! परंतु हा तोळ्याचा तिसरा हिस्सा एकदम घेऊन भागत नाही. तो रोज थोडा थोडा मिळावा लागतो. न मिळाल्यास गळा सुजून गलगंड होतो, आणि माता गर्भवती असताना तुटवडा पडल्यास मुलाच्या बुद्धीची कायमची हानी होते.

अतिवृष्टीच्या डोंगराळ मुलखात मातीतील आयोडीन पावसाबरोबर वाहून जाते, म्हणून तेथे पिकलेल्या धान्यात व भाजीत ते कमी उतरते. आपला जोयडा तालुका घाटमाथ्याचा. येथील पावसाबद्दल वेगळे सांगावयास नकोच. समुद्रकाठचे लोक मासळीतून आयोडीन मिळवितात. आपण शाकाहारी असल्यामुळे आपला आधार मुख्यतः मीठ व दूध यांवरच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सानिकट्ट्याचे मिठागर आपल्याच जिल्ह्यात असल्याने “समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच” असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः आगरात वाळलेल्या साध्या मिठात ते नगण्य असते. सैंधवाचेही तसेच. ते मुद्दाम मिसळावे लागते.

याचा पुरावा आपल्याच देशात मिळाला. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली हिमाचलातील कांगडा खोऱ्याचे विभाग पाडून काही विभागांस आयोडीनयुक्त व एकास साधे मीठ पुरविले. काही वर्षांनी आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंड स्पष्टपणे घटल्याचे दिसून आले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६ च्या मे महिन्यापासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हाती पडते वेळी मिठात दशलक्ष भागांस निदान १५ भाग आयोडीन असले पाहिजे. दहा ग्रॅम मिठास हे प्रमाण लावले की नेमके १५० मायक्रोग्रॅम येतात. हा हिशेब कोणत्याही व्यापाऱ्यास तोंडी करता येईल.

नवजात बालकांचे दोन रोग

आईला आयोडीन भरपूर मिळूनही काही बालकांत थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नसते अथवा काम करीत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत सुमारे एक लाख बालके तपासली, तेव्हा साधारणतः ११३० बालकांमागे एक असे प्रमाण आढळले. असे बालक जन्मतः निरोगीच दिसते. पुढे कावीळ लवकर उतरत नाही, रडणे घोगरे होते, मलावरोध राहतो, जीभ मोठी दिसते. लक्षणे उमटेपर्यंत थांबले तर मेंदूची हानी होऊन जाते. याउलट जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासले व पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, तर मूल इतरांसारखे शिकते-सवरते. गोळी स्वस्त आहे. वेळ मात्र महाग आहे. शेजारच्या गोव्याने २००८ साली अशा तपासणीचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला होता. आपल्या घरी नातवंड जन्मास आले की ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी.

दुसरा रोग याहून विरळ. त्याच पाहणीत सुमारे ५७०० बालकांत एक असा तो आढळला. यात अधिवृक्क ग्रंथी आपला रस नीट तयार करू शकत नाहीत, आणि त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ लघवीवाटे वाहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध टाकते, ओकते, सुकते. पुष्कळदा हगवण समजून उपचार होतात व बाळ दगावते. मुलीच्या बाह्य जननेंद्रियांत जन्मतः फरक दिसतो, म्हणून संशय तरी येतो. मुलगा मात्र अगदी प्राकृत दिसतो. उपचार म्हणजे संप्रेरकांच्या गोळ्या आणि, नवल वाटेल, दुधाबरोबर मोजून दिलेले मीठ. आईबाप दोघांकडून सदोष बीज आले तरच हा रोग होतो. यास्तव जवळच्या नात्यातील विवाहांत त्याचा संभव वाढतो.

अ‍ॅडिसनचा रोग

लंडनच्या गायज् रुग्णालयातील डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याच्या रोगाचे वर्णन केले. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. आमच्या गोदामातील एक हमाल काही महिन्यांत वाळत गेला. तळहाताच्या रेषा व हिरड्या काळ्या पडल्या, उठताना घेरी येई, आणि पोत्यातील मिठाचे खडे तो चणे खावेत तसे खाई. अशक्तपणा म्हणून त्याला टॉनिक मिळत राहिले. अखेर मोठ्या शहरातील डॉक्टरांनी सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजले, तेव्हा निदान झाले. आज तो रोज गोळ्या घेतो व हलके काम करतो. १९४८-४९ साली कॉर्टिसोन उपचारात येण्यापूर्वी हा रोग बहुधा प्राणघातकच ठरे.

अशा रुग्णाने तीन नियम पाळावयाचे असतात. गोळी एकही दिवस चुकवावयाची नाही. ताप आल्यास डॉक्टरांनी आधी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करावयाची. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर तत्काळ इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावयाचा. उळवी, कुंभारवाडा अशा गावांतून मोठे रुग्णालय दूर पडते. म्हणून रोगाचे नाव व औषध लिहिलेले कार्ड सदैव खिशात असावे.

दमा, सांधेदुखी इत्यादींसाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या अथवा अनोळखी पुड्या घेणाऱ्यांच्याही अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त होतात. चेहरा गोल होणे, पोट सुटणे, कातडी पातळ होणे ही त्याची चिन्हे होत. त्यांनी औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे; डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू कमी करावे लागते.

येथे आपल्या समाजापुरता एक विचार मांडतो. पर्युषणात चौविहार उपवास, अठ्ठाई यांचा उत्साह मोठा असतो. परंतु अधिवृक्क ग्रंथींच्या रुग्णाने निर्जळ राहून गोळी सोडणे म्हणजे प्राणावर बेतण्याजोगे आहे. पूर्वाचार्यांनी प्रत्याख्यानात आगारांची सोय करून ठेवलीच आहे. अशा रुग्णाने आधी डॉक्टरांना व मग गुरुमहाराजांना विचारून, झेपेल तेच व्रत घ्यावे. आणि घरच्यांनी त्यास आग्रह करू नये.

व्यापारी म्हणून आपले काम सोपे आहे. खाण्यासाठी साधे मीठ विकू नये. ओलाव्याने आयोडीन कमी होते. म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवावीत. आधी आलेला माल आधी विकावा. ग्राहकास झाकणाच्या बरणीत मीठ ठेवण्यास सांगावे. अधिक मीठ खावे असा याचा अर्थ नव्हे. दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी खावे, परंतु ते आयोडीनचे असावे. मिठात नफा थोडा असला, तरी त्याच्या शुद्धतेवर एखाद्या पोराची बुद्धी अवलंबून असते, हे ध्यानी ठेवून तराजू धरावा, एवढीच विनंती.