गच्चीवरचे डांबर

मृग नक्षत्र तोंडावर आले, की वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आणि रावपुऱ्यात जुन्या घरांच्या गच्च्यांवर डांबराचे डबे चढू लागतात. आणि डांबरातून पाणी झिरपत नाही हे निर्विवाद असल्यामुळे, सबंध गच्चीला त्याचा जाड लेप दिला म्हणजे पावसाळ्याची तजवीज झाली, अशी गृहस्थाची दृढ समजूत असते. वस्तुस्थिती अशी, की गळतीचे उगमस्थान बहुधा कोब्याच्या मध्यभागी नसून कठड्याच्या सांध्यात, पन्हळीच्या तोंडाशी किंवा उतार बिघडून पाणी तुंबते तेथे असते, आणि बिघडलेला उतार कोणताही लेप सुधारीत नाही. उलट, उघड्यावरचे डांबर ऊन आणि प्राणवायू यांच्या योगाने ठिसूळ होऊन भेगाळते. ओलसर कोब्यावर दिले असल्यास खाली कोंडलेल्या बाष्पाने त्यास फोड येतात. आणि वैशाखात काळी गच्ची जी उष्णता शोषते, तिची शिक्षा वरच्या मजल्यावरील निरपराध माणसे भोगतात.

शहरालगत कोयली येथे १९६५ पासून तेलशुद्धीकरण कारखाना असल्याने डांबर येथे दुर्मीळ नाही. परंतु रस्त्याच्या कामावरून उरलेले डांबर घरासही चालेल, हा हिशेब मात्र चुकीचा. रस्त्याचे डांबर सुमारे ५० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि मे महिन्यातील काळी गच्ची त्याहून अधिक तापते. म्हणूनच छपरासाठी, तप्त डांबरात हवा फुंकून घट्ट केलेला, सुमारे ८५ अंशांपर्यंत तग धरणारा प्रकार वापरतात.

डांबराचे खरे क्षेत्र लहान आहे, पण तेथे ते उत्तम काम देते: पत्र्याच्या खिळ्यांभोवती, नळ गच्चीतून जेथे वर येतो तेथे, कठड्याच्या भेगेत, जागा कोरडी व स्वच्छ करून, दोन लेपांमध्ये काचतंतूंची जाळी घालून, तसेच जोत्यावर, जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत मात्र ते आतून कदापि लावू नये. कारण ते दगडी कोळशापासून निघालेले असल्यास त्यात कर्करोगकारक द्रव्ये असतात.

आणि तापविताना डांबराने पेट घेतलाच, तर पाणी ओतू नये: त्या पाण्याची तत्क्षणी वाफ होऊन जळते डांबर चहूकडे उडते. भांड्यावर झाकण टाकावे, सांडलेल्यावर कोरडी वाळू टाकावी. ती गवंड्याकडे हाताशी आहे की नाही, हे चूल पेटविण्यापूर्वीच पाहून घ्यावे.