खेळांतील पात्र कसें घडवावें?

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. मेजाभोंवतीं बसून प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, सूत्रधार प्रसंग मांडतो आणि पुष्कळदां यशापयश फांसे ठरवितात. अशा खेळाचें कथाबीज दूर शोधावयास नको. घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून बदलापूर हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. तेथील खरवईचा एक मोतद्दार कल्पावा. एके रात्रीं स्वाराविना घोडा परततो. खोगिरांत लखोटा सांपडतो. मोतद्दारास अक्षरओळख नाहीं. विश्वास कोणावर टाकावा? पराक्रमापेक्षां अशी उणीवच पात्रास जिवंत करिते. सूत्रधारानें मात्र पेंच घालावा, उकल आधीं ठरवूं नये; ठरविल्यास खेळाडू केवळ श्रोते उरतात.