काचेचा सेंट आणि भोकाचा पैसा

दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेच्या टांकसाळीपुढे वरकरणी क्षुल्लक वाटणारा एक प्रश्न उभा राहिला. एक सेंटचे नाणे पाडावयाचे तरी कशाचे? या नाण्यात 95 टक्के तांबे असे आणि काडतुसांच्या पुंगळ्यांनाही तेच हवे होते. तेव्हा 1942 साली खासगी कारखानदारांना प्रयोगासाठी पाचारण करण्यात आले. चालू नाण्याचे ठसे बाहेर देणे इष्ट नव्हते, म्हणून निराळ्याच स्त्रीमुखाचे ठसे देण्यात आले. त्यांवरून प्लॅस्टिकची, कठीण रबराची, इतकेच काय, काचेचीही नाणी घडविली गेली! (त्यांतील काचेचे एक नाणे 2017 साली लिलावात 70,500 डॉलरला गेले. चलनात कधीच न आलेल्या नाण्याचे हे भाग्य!)

अखेर निवड झाली ती जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची. 1943 मध्ये अशी शंभर कोटींहून अधिक नाणी पाडली गेली. पण ती दहा सेंटच्या नाण्यासारखी दिसत, गंजत, आणि विक्रीयंत्रे त्यांना खोटी ठरवून परत फेकीत. पुढल्याच वर्षी टांकसाळ तांब्याकडे वळली.

आपल्याकडे हीच टंचाई अधिक बोचरी होती. 1940 साली लोकांनी रुपये दडवून ठेवावयास प्रारंभ केला, तेव्हा सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि नाण्यातील चांदी निम्म्यावर आणली. रुपयाचे काम असे कागदावर भागले; पैशाचे भागेना. 1943 साली आलेला भोकाचा पैसा वजनाने जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही हलका होता. मोरवी, जुनागढ, बिकानेर अशा संस्थानांनी तर पुठ्ठ्याची कूपने काढली. दुकानदार सुट्ट्यांऐवजी टपाल तिकिटे हातावर ठेवीत.

या व्यवहारात भुर्दंड कोणी सोसला, हे ध्यानात घ्यावयास हवे. महिन्याची उधारी नोटेने चुकविणाऱ्याला सुट्ट्यांची फारशी क्षिती नसते. पैशाचे मीठ, पैशाचे तेल घेणाऱ्याला मात्र सुटे नसले की दोन पैशांचे तरी घ्यावे लागते किंवा तसेच परतावे लागते. टपाल तिकीट घामाने चिकटले, पुठ्ठा पावसात भिजला, तर त्याची तेवढी मजुरी बुडालीच.