औषधानें माणूस मोठा होतो काय?



वार्षिक परीक्षा जवळ येऊं लागली, कीं आमच्या मोडनिंबांत दोन प्रश्न हटकून कानीं पडतात. मुलें विचारतात, "गुरुजी, स्मरणशक्ति वाढविण्याची एखादी गोळी असते काय हो?" आणि पालक विचारतात, "मुलगा वर्गांत सर्वांत ठेंगणा आहे. उंची वाढण्याचें कांहीं औषध मिळेल काय?" दोन्ही प्रश्न साधे दिसतात, परंतु त्यांच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. रोग्यास बरें करणें हें वैद्याचें काम, हें सर्वांस मान्य आहे. पण जो रोगी नाहीं, त्यास अधिक उंच, अधिक सुंदर किंवा अधिक हुशार करणें हेंही वैद्याचेंच काम आहे काय? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नावर इंग्रजींत कांहीं विचारप्रवर्तक ग्रंथ निघाले आहेत. त्यांतील मुख्य विचार येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. आणि एका मराठी चित्रपट-दिग्दर्शकाच्या कारकीर्दीवरून त्यावर कसा प्रकाश पडतो, तेंही पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. गेलेलें किंवा बिघडलेलें परत नीट करून देणें, तो उपचार. फळ्यावरील अक्षर दिसत नाहीं म्हणून चष्मा लावणें, मोडलेलें हाड बसविणें, हे उपचार होत. उलट, जें मुळांत बिघडलेलें नाहीं, तें केवळ अधिक व्हावें म्हणून औषध किंवा शस्त्र वापरणें, त्यास आपण संवर्धन म्हणूं. पण एकच विद्या या दोन्ही कामीं पडूं शकते, आणि सर्व अडचण तेथेंच उत्पन्न होते.

याचें उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचेंच आहे. टिपू सुलतान व इंग्रज यांच्यांतील १७९२ च्या युद्धांत कावसजी नांवाचा इंग्रजी फौजेंतील एक गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापून त्यास सोडून देण्यांत आलें. पुढें सुमारें वर्षभरानें पुण्यास एका देशी कारागिरानें त्याचें नाक नवें करून दिलें. त्यानें प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागीं बसवून माप घेतलें. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेविला व त्याच्या कडेनें रेघ ओढून तेवढी कातडी सोडविली. मात्र दोन भुंवयांच्या मधोमध ती मूळच्या अंगास जोडलेलीच राहूं दिली. मग ती खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविली. जोड कां ठेविला? तर त्या वाटेनें रक्त वाहत राहून कातडी जिवंत राहावी म्हणून. नवें नाक रुजल्यावर तो जोड कापून टाकला. ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें अभ्यास केला, आणि १८१४ सालीं इंग्लंडांत तीच शस्त्रक्रिया यशस्वी रीतीनें केली. नाक जोडण्याची विद्या सुश्रुतसंहितेंत वर्णिलेली आहे. ती परंपरेनें टिकली, व पुण्याहून पश्चिमेस गेली.

पुढें पहिल्या महायुद्धांत हॅरल्ड गिलीज या शस्त्रवैद्यानें चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठीं हीच विद्या पुष्कळ पुढें नेली. युद्ध संपलें, परंतु विद्या राहिली. आणि ज्यांचें नाक कापलेलें नव्हतें, केवळ मनासारखें नव्हतें, असे लोकही शस्त्रवैद्याच्या दारीं येऊं लागले. कावसजीस नाक हवें होतें, कारण नाकावांचून त्यास चारचौघांत तोंड दाखविणें कठीण होतें. या नव्या लोकांस नाक असूनही तसेंच वाटत होतें. वैद्यानें कोणाचें दुःख खरें मानावें?

शीला रॉथमन व डेव्हिड रॉथमन यांनीं २००३ सालीं लिहिलेल्या 'द परसूट ऑफ परफेक्शन' या ग्रंथांत या प्रकारचा इतिहास दिलेला आहे. त्यांचें म्हणणें असें, कीं शास्त्रज्ञाचें कुतूहल, औषध-कारखान्याचा नफा, डॉक्टरचा उत्साह आणि गिऱ्हाइकाची इच्छा हीं चारही एकत्र आलीं, म्हणजे औषधाच्या गुणांची बातमी वेगानें पसरते व दोषांची मागाहून कळते. उतारवयांतील स्त्रियांचें तारुण्य टिकेल अशा आशेनें ईस्ट्रोजेन नामक अंतःस्राव गोळीच्या रूपानें देण्याची प्रथा अमेरिकेंत १९६० नंतर फार वाढली. अनेक वर्षांनीं मोठी पद्धतशीर परीक्षा झाली, तेव्हां ईस्ट्रोजेन व त्याच्या जोडीचें दुसरें औषध एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग व हृदयविकार यांचें प्रमाण वाढलेलें आढळलें, आणि २००२ सालीं तो प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. डॉक्टरच्या देखरेखीखालीं, विशिष्ट त्रासासाठीं, हें औषध आजही उपयोगी पडतें. परंतु तारुण्याचें अमृत म्हणून नव्हे.

आतां पालकांच्या प्रश्नाकडे वळूं. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पिट्युइटरी नांवाची एक ग्रंथि असते. तिच्यांतून वाढीचा रस रक्तांत उतरतो. कांहीं मुलांत तो फार थोडा उतरतो व त्यांची वाढ खुंटते. पूर्वीं हा रस मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत. तो इतका दुर्मिळ असे, कीं खऱ्या गरजू मुलांसच मिळे. १९८५ सालीं असें आढळून आलें, कीं तो रस टोंचून घेतलेल्यांपैकीं कांहींना मेंदूचा प्राणघातक रोग जडला. तो प्रकार तत्काळ बंद झाला, आणि त्याच वर्षीं प्रयोगशाळेंत तयार केलेला शुद्ध रस अमेरिकेंत विक्रीस आला. आतां तुटवडा संपला; तेव्हां ज्यांच्या ग्रंथींत कांहींच दोष नाहीं, पण जीं फार बुटकीं आहेत, अशा मुलांसही तो देण्याची परवानगी तेथील सरकारनें २००३ सालीं दिली. वर्षानुवर्षें रोज सुई टोंचून घ्यावी, खर्च सोसावा, आणि लाभ काय? तर थोड्या इंचांची उंची. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. रांगेंतील सर्वच मुलें दोन-दोन इंच वाढलीं, तरी शेवटचा तो शेवटचाच! रोग बरा झाल्यानें जगांतील रोग कमी होतो; पण स्पर्धेसाठीं घेतलेल्या औषधानें स्पर्धा मात्र संपत नाहीं.

कार्ल एलियट हे डॉक्टर व तत्त्वज्ञ दोन्ही आहेत. त्यांच्या 'बेटर दॅन वेल' (२००३) या पुस्तकांत त्यांनीं दाखविलें आहे, कीं संवर्धनाच्या मागें बहुधा गर्व नसतो, लाज असते. बुजरेपणा, ठेंगणेपण, सभेंत कांपणारे हात, यांना आजाराचें नांव मिळालें, कीं औषध मागण्यास संकोच वाटत नाहीं. मायकेल सँडल यांनीं 'द केस अगेन्स्ट परफेक्शन' (२००७) या ग्रंथांत आईबापांस उद्देशून महत्त्वाचा विचार मांडला आहे. मूल ही मिळालेली देणगी आहे, मागणीप्रमाणें घडवून घेतलेली वस्तु नव्हे. तें जसें आहे तसें स्वीकारणें व त्यास चांगलें वळण लावणें, या दोन्ही गोष्टी प्रेमांत हव्यात. पैकीं दुसरी पहिलीस गिळून टाकूं लागली, म्हणजे घर बिघडतें.

याच्या विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. जॉन हॅरिस यांनीं त्याच वर्षीं 'एन्हान्सिंग एव्होल्यूशन' या ग्रंथांत विचारिलें, कीं लस टोंचणें हें काय संवर्धन नव्हे? हा आक्षेप बळकट आहे. मुंबईस १८९६ सालीं प्लेग आला असतां हाफकीन यांनीं लस तयार करून जानेवारी १८९७ मध्यें प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. निरोगी माणसास निसर्गानें दिली नव्हती अशी शक्ति तिनें दिली, आणि त्याबद्दल आपण हाफकीन यांस धन्यवादच देतों. म्हणून 'निसर्गाहून अधिक तें सर्व वाईट' असा नियम टिकत नाहीं. परंतु लशीचा लाभ एकास झाला म्हणजे शेजाऱ्याचें नुकसान होत नाहीं, उलट त्याचेंही रक्षण होतें. दुसऱ्याच्या पुढें जाण्यासाठीं घेतलेल्या औषधाचें तसें नाहीं. मला वाटतें, औषध कोणापासून रक्षण करितें व कोणास मागें टाकतें, हें विचारणें हीच येथें खरी कसोटी होय.

आतां चित्रपट-दिग्दर्शकाकडे येऊं. व्ही. शांताराम यांचा जन्म १९०१ सालीं कोल्हापुरास झाला. शिक्षण बेताचें. हुबळीस असतां रेल्वेच्या कारखान्यांत व सिनेमागृहांत त्यांनीं लहानसहान कामें केलीं. पुढें कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत ते शिरले आणि पडेल तें काम करीत सर्व अंगें शिकले. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं प्रभात फिल्म कंपनी काढिली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा मराठींतील पहिला बोलपट त्यांनींच दिग्दर्शित केला. १९३३ सालीं प्रभात पुण्यास आली. १९४२ सालीं शांताराम तींतून बाहेर पडले व मुंबईस त्यांनीं राजकमल कलामंदिर उभारिलें. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांस मिळाला, व १९९० सालीं ते वारले. ही सर्व वाटचाल त्यांनीं 'शांतारामा' या आत्मचरित्रांत सांगितली आहे.

या कारकीर्दींतील तीन चित्रपट आमच्या विषयाशीं जुळतात. १९३७ च्या 'कुंकू' मध्यें एक वृद्ध वकील आपलें वय विसरून तरुण मुलीशीं लग्न करितो, आणि ती मुलगी हा अन्याय निमूटपणें सोसण्याचें नाकारिते. वयास नाहीं म्हणण्याची किंमत दुसऱ्यास द्यावी लागते, हें तेथें डोळ्यांपुढें उभें राहतें. दुसरा, १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ'. सहा कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या जेलरचे दोन डोळे, असें त्या नांवाचें मर्म आहे. त्याची कथा ग. दि. माडगूळकर यांची, आणि तिला आधार होता तो तेव्हांच्या औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर येथें झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाचा. माणूस सुधारतो तो कशानें, या प्रश्नाचें उत्तर तेथें औषधांत नव्हे, तर श्रम व विश्वास यांत शोधलेलें आहे. १९५८ च्या बर्लिन येथील महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला.

याच चित्रपटासाठीं बैलाशीं झुंजण्याचा प्रसंग घेत असतां शांताराम यांच्या डोळ्यांस गंभीर इजा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावें लागलें. वैद्यकानें दृष्टि वांचविली, आणि त्यानंतर १९५९ सालीं त्यांचा 'नवरंग' हा रंगांनीं भरलेला चित्रपट आला. त्याच्या आरंभीं ते स्वतः पडद्यावर येऊन या अपघाताची कथा सांगतात. येथें वैद्याचें काम व माणसाचें काम कोठें वेगळें होतें, तें स्वच्छ दिसतें. डॉक्टरनें जुनी दृष्टि परत दिली. अंधारांत पाहिलेले रंग मात्र कोणत्याही दवाखान्यांत मिळालेले नव्हते.

तिसरा चित्रपट आपल्या जिल्ह्याचा आहे. सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टरांच्या पथकांतून चीनला गेले. जपानशीं चाललेल्या युद्धांतील जखमींची त्यांनीं सेवा केली, तेथील बेथून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच त्यांचा अंत झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें, आणि १९४६ सालीं शांताराम यांनीं 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढून त्यांत स्वतः कोटणीसांची भूमिका केली.

पालकांनीं एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. डॉ. कोटणीसांस मृत्यु आला तो शत्रूच्या गोळीनें नव्हे, अपस्माराच्या झटक्यांनीं. निर्दोष शरीर हीच मोठेपणाची अट असती, तर हा डॉक्टर त्या परीक्षेंत उतरला नसता. ज्या देहास असा विकार जडला, त्याच देहानें परक्या देशांतील जखमी माणसांसाठीं अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या.

तर मग आरंभींच्या प्रश्नांचें उत्तर काय? बाळांनो, अवधान ठरत नाहीं असा खरा विकार ज्यांना आहे, त्यांस डॉक्टर औषध देतात, आणि तें योग्यच आहे. निरोगी विद्यार्थ्यानें तें चोरून घेतल्यास जागरण साधेल, पण दिवसा वाचलेलें मनांत पक्कें होतें तें झोपेंत, आणि तीच झोप तो गमावून बसेल. पालकहो, मुलाची वाढ खरोखर थांबली असेल, तर लाजूं नका, उशीर करूं नका, डॉक्टरांस दाखवा. पोटांतील जंत, पंडुरोग, अपुरें अन्न किंवा ग्रंथींचा दोष असेल, तर त्यावर उपाय आहे, व तो केलाच पाहिजे. पण मूल निरोगी असून केवळ ठेंगणें असेल, तर त्यास औषधाची गरज नाहीं. त्याच्याकडे पाहून हंसणाऱ्या आम्हां मोठ्यांसच थोड्या उपचाराची गरज आहे.

सोलापुरास गेलांत, तर डॉ. कोटणीसांच्या जन्मस्थानीं उभारलेलें स्मारक अवश्य पाहा, आणि मुलांस बरोबर न्या. तेथून परततांना "गुरुजी, मला अधिक उंच कसें होतां येईल?" याऐवजीं "मला कोणाच्या उपयोगीं पडतां येईल?" असा प्रश्न एखाद्या मुलाच्या मनांत आला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.