वंचित बालके, दत्तक
वंचित बालके, दत्तक : जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वा वर्षांत पुरेसा आहार, स्पर्श, संभाषण आणि एकाच व्यक्तीचा सातत्याचा सहवास यांस मुकलेली व नंतर दत्तक गेलेली मुले. नव्या आईवडिलांशी त्यांचे भावबंध जुळतात काय व विकासातील तूट कितपत भरून निघते, हे बालमानसशास्त्रातील महत्त्वाचे प्रश्न होत.

आईच्या सहवासाला मुकलेल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही वर्षांत न जुळलेला भावबंध पुढे जुळणे कठीण, असा समज त्यानंतर रूढ झाला. बार्बरा टिझार्ड व जिल हॉजेस यांच्या संशोधनाने (१९७८) त्यास मुरड घातली. त्यांनी अभ्यासिलेल्या इंग्लंडमधील बालगृहांत खेळणी, पुस्तके व आहार यांची उणीव नव्हती. मात्र सांभाळणारी माणसे सतत बदलत. तेथून उशिरा दत्तक गेलेल्या बहुतेक मुलांचे नव्या आईवडिलांशी दृढ भावबंध जुळले. जन्मदात्यांकडे परत गेलेल्यांत हे प्रमाण कमी आढळले.

रूमानियातील स्थिती याहून कितीतरी भीषण होती. १९६६ मध्ये निकोलाय चाउशेस्कू यांच्या राजवटीने गर्भपातावर कडक निर्बंध घातले. पुढे दारिद्र्याने गांजलेली असंख्य कुटुंबे आपली मुले सरकारी संस्थांच्या हवाली करू लागली. डिसेंबर १९८९ मध्ये ही राजवट कोसळल्यावर तेथील अनेक मुले परदेशी दत्तक गेली. ब्रिटनमध्ये आलेल्या अशा १६५ मुलांचा मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्याशी तुलनेसाठी सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ ब्रिटिश मुले निवडण्यात आली. सहा महिन्यांहून कमी काळ संस्थेत राहिलेली मुले पुढे या ब्रिटिश मुलांसारखीच वाढली. अधिक काळ राहिलेल्यांपैकी अनेकांत अवधानाचा अभाव, स्वमग्नतेसदृश लक्षणे आणि अनोळखी माणसांशी अतिसलगी हे दोष टिकून राहिले. दत्तक घरांच्या बऱ्यावाईटपणाने हा फरक उलगडत नाही. म्हणून दोष पालकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. परक्याचे बोट धरून निःसंकोच निघून जाणारे मूल पाहून आईला आपली माया कमी पडली असे वाटते. वस्तुतः आईवडिलांशी दृढ भावबंध असलेल्या मुलातही ही वृत्ती आढळते.

प्रौढपणीचे निष्कर्ष (२०१७) संमिश्र आहेत. बुद्धिगुणांकातील तूट बहुतांशी भरून निघाली. मात्र चिंता व खिन्नता यांचे प्रमाण तारुण्यात वाढले. दीर्घकाळ वंचित राहिलेल्यांपैकी सुमारे एकपंचमांश व्यक्तींत एकाही टप्प्यावर लक्षणीय अडचण आढळली नाही. मेंदूच्या चित्रणात (२०२०) मात्र रूमानियन गटातील मेंदूचे आकारमान ब्रिटिश दत्तकांच्या तुलनेत सरासरी ८·६ टक्के कमी भरले.

बूखारेस्टमध्ये संस्थांतील १३६ बालकांपैकी निम्मी चिठ्ठ्यांच्या पद्धतीने निवडून प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली. ती इतरांहून सरस ठरली. विशेषतः सुमारे दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत सुरक्षित भावबंध अधिक प्रमाणात दिसून आले.