लिनक्सवर वायफाय दिसत नसेल तर

निपाणीच्या मराठी शाळेत जुन्या संगणकावर लिनक्स बसवले आणि वायफाय दिसेना, तर कार्ड बिघडले असे समजून नवे घेण्याची घाई करू नये. टर्मिनलमध्ये रोमन लहान लिपीत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्यावी. यूएसबी कार्डासाठी ‘एलएसयूएसबी’. यादीत कार्ड नसेल, तर ते नीट बसले आहे का ते पाहावे. असेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ने ते बंद ठेवलेले नाही ना, हे तपासावे. तसेही नसेल, तर बहुधा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, नसते. ‘डीएमईएसजी’च्या नोंदींत तसा उल्लेख सापडतो. ती उतरवून घ्यायला मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. डेबियनच्या २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून असे बरेच फर्मवेअर स्थापनेच्या फाइलीतच मिळते.