पेन्शनच्या आड लपलेला तोटा : हिंगोलीच्या फौजीकाकांचं किराणा दुकान



उधारीच्या व्हिडिओत मी एका किराणावाल्या काकांचा ओझरता उल्लेख केला होता. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, हे कोण? काकांना कॅमेरा नको आणि नावही नको. "लिहायचं तर हिशोबाचं लिही," एवढंच ते म्हणाले. म्हणून आज लिहितोय.

हिंगोलीच्या जुन्या वस्तीत कधी फिरलात तर मोहल्ल्यांची नावं ऐका. पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार. निजामाच्या काळात इथं फौजेचं ठाणं होतं आणि त्या फौजेच्या गरजेवर बाजार वाढला. एका मोहल्ल्याचं नाव तर चक्क पेन्शनपुरा! म्हणजे फौज, पेन्शन आणि दुकान हे नातं आपल्या गावाला नवीन नाही.

काका आर्मी सर्व्हिस कोअरमधले, म्हणजे फौजेला रेशन पुरवणारे. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच आठवड्यात कारगिलच्या डोंगरात घुसखोरीचा पत्ता लागला. गावाकडं नव्या जिल्ह्याचे पेढे वाटत होते आणि काका तिकडं खेचरांवर सामान लादत होते. लढाईचं विचारलं की ते पुड्या बांधत राहतात. पण साठ्याचं विचारा, मग बघा कसे खुलतात!

हिवाळ्यात बर्फानं झोजिला खिंड बंद व्हायची. त्यामुळं लडाखकडचं हिवाळ्याचं रेशन उन्हाळ्यातच वर चढवावं लागायचं. काय लागणार, किती लागणार, कधीपर्यंत पुरणार, हे सगळं आधी ठरवायचं. विसरलं तर परत खाली येऊन आणायची सोय नाही. आणि जुना माल आधी बाहेर काढायचा, नवा मागं लावायचा. काकांच्या दुकानात आजही नवीन तेलाचा डबा पुढं ठेवला तर पोराला बोलणी बसतात.

आता तुम्हाला वाटेल, एवढी शिस्त असलेल्या माणसाचं दुकान जोरात चाललं असणार. तिथंच तर गंमत आहे.

सतरा वर्षांची नोकरी करून काका २०१० ला परत आले. पुढच्या वर्षी निवृत्तीच्या पैशातून दुकान टाकलं. माल चोख, वजन चोख, काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घेतलेला. गिऱ्हाईक भरपूर. तीन वर्षं काकांना वाटत होतं की धंदा मस्त चाललाय, कारण ठोकवाल्याचं एकही बिल कधी थकलं नाही.

मग २०१४ उजाडलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली आणि त्या वर्षी पाऊसही कमी पडला. उधारी वसूल होईना. त्यातच मुलीच्या ॲडमिशनची फी भरायची वेळ आली आणि बँकेत पैसेच नव्हते. काकू म्हणाल्या, "अहो, दुकान चालतंय म्हणता, पेन्शन पण येतेय. मग पैसा जातो कुठं?"

काका त्या रात्री वह्या घेऊन बसले. आकडे मी इथं समजण्यापुरते घेतो. समजा महिन्याला दोन लाखांची विक्री आहे आणि त्यावर १० टक्के सुटतात, म्हणजे २०,००० रुपये. भाडं ६,०००, पोराचा पगार ८,०००, लाईटबिल आणि किरकोळ ३,०००. उरले ३,०००. पण दर महिन्याला ५,००० ची नवी उधारी अडकत असेल, तर हातात काय? २,००० चा खड्डा. हा खड्डा दर महिन्याला पेन्शन गुपचूप बुजवत होती. काका दुकान चालवत नव्हते हो, दुकानाला पोसत होते. आणि स्वतःची मजुरी तर त्यांनी धरलीच नव्हती.

हे फक्त फौजींचं नाही बरं का. तुमच्या घरात बायकोचा पगार येत असेल, वडिलांची पेन्शन असेल, शेताचा पैसा असेल, तर तुमचा तोटाही असाच झाकला जातोय का, ते एकदा तपासा.

काकांनी दोन गोष्टी बदलल्या. पेन्शनचं खातं काकूंकडं दिलं आणि दुकानाचं खातं वेगळं काढलं. त्यातून स्वतःला ठरलेला पगार. ठोकवाल्याला पैसे कमी पडले तर माल कमी घ्यायचा, पेन्शनला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे उधारीला तारीख आली. आपल्या भागात शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळतो तो दोनदा: दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा आणि उन्हाळ्यात हळदीचा. काकांची उधारी या दोन हंगामांवर बांधलेली आहे. प्रत्येक घराची मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली. मर्यादा संपली की मीठ, पीठ, तेल मिळतं. बिस्किटं, शाम्पू रोख. काही गिऱ्हाइकं तुटली. काका म्हणतात, त्यातली दोन घरं तुटल्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्यांची अडचण खरी होती.

एक कामाची गोष्ट सांगून टाकतो, कारण माजी सैनिक नेहमी विचारतात. पीएमईजीपीत माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के अनुदान. पण निव्वळ किराणा विक्रीला आपल्याकडं ते सहसा बसत नाही. पिठाची गिरणी, मसाला कांडप, हळद पावडर असं काही बनवणारं युनिट असेल तर अर्ज करा. साध्या दुकानासाठी मुद्रा कर्ज बघा. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चक्कर मारा, चौकशी फुकट असते.

काकांचं ऐकून मी पण माझ्या दुकानाचं खातं वेगळं केलं. बीबीए झालेला माणूस, लोकांना शिकवतो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की मी घरखर्चासाठी गल्ल्यातून ११,००० रुपये उचलले होते, कुठंही न लिहिता. लाजत लाजत काकांना फोन लावला.

"पहिलाच महिना ना रे? मग बरोबर आहे," काका म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवून दिला.